निवड, नकार आणि पार्श्वभूमी : जेनिफर राइश यांच्या ‘कॉलिंग द शॉट्स’ या ग्रंथाचे चिकित्सक वाचन

बालकांच्या लसीकरणाविषयीच्या सामाजिक संशोधनात ‘पालकांची सामाजिक पार्श्वभूमी’ हा शब्दप्रयोग इतका रूढ झाला आहे की त्याच्या आशयाकडे स्वतंत्रपणे पाहण्याची गरज अभ्यासकांना सहसा वाटत नाही. मातेचे शिक्षण, कुटुंबाचे उत्पन्न, जात, धर्म व निवासाचे ठिकाण हे घटक एका बाजूला मांडावेत, बालकाला मिळालेल्या मात्रा दुसऱ्या बाजूला मांडाव्यात आणि दोहोंतील सहसंबंध काढावा, ही पद्धत सर्वपरिचित आहे. या सहसंबंधांना पुढे ‘पालकांचे निर्णय’ असे नाव दिले जाते आणि तेथेच घोटाळा होतो. न मिळालेली मात्रा आणि नाकारलेली मात्रा या दोन भिन्न सामाजिक घटना आहेत. सांख्यिकी कोष्टकात मात्र त्या एकाच रकान्यात बसतात.

हा भेद ठसठशीतपणे पुढे आणण्याचे श्रेय २००४ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या स्मिथ, चू व बार्कर यांच्या अभ्यासाला द्यावे लागते. अमेरिकेतील १९ ते ३५ महिने वयाच्या बालकांच्या राष्ट्रीय पाहणीवर हा अभ्यास आधारलेला होता. त्यात २००१ साली सुमारे ३७ टक्के बालकांचे लसीकरण अपुरे होते, तर एकही लस न मिळालेली बालके केवळ ०.३ टक्के होती. अपुरे लसीकरण झालेली बालके प्रामुख्याने कृष्णवर्णीय, शहरांच्या मध्यवस्तीतील व दारिद्र्यरेषेच्या आसपास जगणाऱ्या कुटुंबांतील होती. त्यांच्या माता वयाने लहान, अविवाहित व महाविद्यालयीन पदवी नसलेल्या होत्या. एकही लस न मिळालेली बालके बहुधा श्वेतवर्णीय होती. त्यांच्या माता विवाहित व पदवीधर असून कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ७५ हजार डॉलर्सपेक्षा अधिक होते. आपल्या निर्णयांवर डॉक्टरांचा फारसा प्रभाव नाही, असे सांगणारे पालकही याच दुसऱ्या गटात अधिक होते. सामाजिक उतरंडीच्या दोन टोकांवरील ही बालके आजवर ‘लसीकरण न झालेली’ या एकाच विशेषणाखाली वावरत होती.

जेनिफर राइश यांचा ‘कॉलिंग द शॉट्स : व्हाय पेरेंट्स रिजेक्ट व्हॅक्सीन्स’ हा ग्रंथ न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी प्रेसने २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. तो यांपैकी दुसऱ्या, म्हणजे सुस्थित व सुशिक्षित पालकांच्या गटाचा शोध घेतो. राइश या कोलोरॅडो विद्यापीठाच्या डेन्व्हर येथील शाखेत समाजशास्त्राच्या प्राध्यापक आहेत. त्यांचा आधीचा ग्रंथ बालकल्याण यंत्रणा आणि कुटुंबे यांच्या संबंधांवर होता. शासन कोणत्या कुटुंबांत हस्तक्षेप करते आणि कोणत्या कुटुंबांच्या दारापाशी थबकते, हा प्रश्न त्या ग्रंथातून या ग्रंथात आला आहे. लस नाकारणाऱ्यांवर विपुल लेखन झाले आहे. त्यांतील बहुतेक लेखन पालकांच्या समजुती चूक की बरोबर एवढ्याचीच चर्चा करते. राइश यांची दृष्टी त्याहून वेगळी आहे, ती या पूर्वाभ्यासामुळे.

ग्रंथाची भूमिका

राइश यांनी कोलोरॅडोतील पालकांच्या, विशेषतः मातांच्या, दीर्घ मुलाखती घेतल्या. बालरोगतज्ज्ञ व पर्यायी उपचार करणाऱ्यांशीही त्या बोलल्या. संशोधनाच्या काळात या राज्यात पालकाच्या स्वाक्षरीवर शाळाप्रवेशासाठी लसीकरणातून सूट मिळत असे. राइश यांनी आपल्या मुलांना लसी दिल्या आहेत आणि हे त्या लपवत नाहीत. तरीही मुलाखत दिलेल्या मातांना त्या मूर्ख वा भ्रमिष्ट ठरवत नाहीत. या माता भरपूर वाचतात, लसीतील घटकांची यादी तपासतात, दीर्घकाळ स्तनपान देतात, सेंद्रिय अन्नावर भर देतात आणि मुलाच्या प्रकृतीची बारीक नोंद ठेवतात. प्रत्येक मूल वेगळे असून त्याची सर्वोत्तम जाणकार त्याची आईच असते, असा त्यांचा विश्वास आहे. त्यामुळे सर्व मुलांसाठी आखलेले एकच वेळापत्रक त्यांना मान्य होत नाही. या वृत्तीला राइश व्यक्तिवादी पालकत्व म्हणतात. ‘चांगली आई’ होण्यासाठी मध्यमवर्गीय स्त्रीकडून आज जी अपेक्षा केली जाते, तिचेच हे टोकाचे रूप आहे, हे त्यांचे निरीक्षण ग्रंथातील सर्वांत मार्मिक निरीक्षणांपैकी एक म्हणावे लागेल. बहुतेक घरांत हा सारा व्याप आईच सांभाळते, वडील संमतीपुरते उरतात. ‘पालकांचा निर्णय’ या लिंगनिरपेक्ष शब्दामागे किती स्त्रीश्रम दडलेले आहेत, हे येथे उघड होते.

२०१४ मध्ये ‘जेंडर अँड सोसायटी’त प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात राइश यांनी ‘कल्पित कुंपणबंद वसाहत’ ही संकल्पना मांडली होती. ग्रंथाचा कणा तीच आहे. आपण कोणाच्या घरी जातो, मुलाला कोणत्या शाळेत घालतो, कोणत्या देशांचा प्रवास टाळतो, यांवर ताबा ठेवून रोग दूर ठेवता येतो, असे या मातांना वाटते. रोग त्यांच्या मते कुंपणापलीकडच्या माणसांचा असतो. हे कुंपण उभारायला पैसा, मोकळा वेळ, निवडक शेजार आणि मूल आजारी पडले तर घरी थांबण्याची मुभा लागते. प्रत्यक्षात त्यांच्या मुलांचे संरक्षण इतरांच्या लस घेतलेल्या मुलांमुळे होत असते. येथे राइश यांची लेखणी सर्वाधिक धारदार होते. निवडीची भाषा बोलणाऱ्यांची निवड दुसऱ्यांच्या सहभागावर पोसलेली आहे, हे त्या आडपडदा न ठेवता सांगतात. गोवराचा विषाणू बंद जागेतील हवेत दोन तासांपर्यंत टिकून राहू शकतो आणि त्याचा फैलाव रोखण्यासाठी समूहातील सुमारे ९५ टक्के व्यक्ती प्रतिकारक्षम असाव्या लागतात. डिसेंबर २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमधून गोवर पसरला आणि शंभराहून अधिक लोक बाधित झाले. अशा विषाणूपुढे हे कुंपण टिकणारे नव्हते.

निर्णय कोणाचा मानायचा?

ग्रंथाचे हे मोल मान्य केल्यावर त्याच्या मर्यादेकडे वळावे लागते. मुलाखती सुस्थित मातांच्या असणे हा दोष नव्हे, कारण प्रत्येक अभ्यासाला आपले क्षेत्र आखावेच लागते. अडचण वेगळी आहे. राइश यांच्या मांडणीत सुस्थित पालक निर्णय घेतात आणि गरीब पालकांच्या वाट्याला परिस्थिती येते. गरीब माता या ग्रंथात प्रामुख्याने तुलनेसाठी, पार्श्वपटावरील आकृतीसारखी उभी राहते. तिला काही वाटते, ती काही तोलून पाहते, तिला कशाची भीती वाटते, हे कळत नाही.

या विभागणीला आधार नाही असे नाही. १९८९ ते १९९१ या काळात अमेरिकेत गोवराचे सुमारे ५५ हजार रुग्ण आढळले आणि १२० हून अधिक मृत्यू झाले. लस न मिळालेली, महानगरांतील गरीब वस्त्यांमधील कृष्णवर्णीय व लॅटिनो बालके त्यात मोठ्या संख्येने होती. १९९४ पासून संघशासनाने गरीब व विमा नसलेल्या बालकांना लसी मोफत पुरवण्यास प्रारंभ केला आणि पुढील दशकात गोवरप्रतिबंधक लसीच्या बाबतीतले वांशिक अंतर बरेच कमी झाले. समजुती फारशा न बदलता केवळ पुरवठा बदलल्याने जे बदलते, त्याला निर्णय म्हणणे योग्य नाही, हा राइश यांच्या बाजूचा भक्कम पुरावा आहे.

परंतु त्याच देशातील मिनेसोटा राज्याचा अनुभव हे चित्र विस्कटून टाकतो. तेथील सोमाली स्थलांतरितांच्या मुलांत गोवर-गालगुंड-रुबेला लसीचे प्रमाण २००४ मध्ये ९२ टक्के होते. २०१४ पर्यंत ते ४२ टक्क्यांवर आले आणि २०१७ मध्ये तेथे गोवराची मोठी साथ उद्भवली. ही कुटुंबे श्रीमंत नव्हती आणि त्यांच्याभोवती कोणतेही कुंपण नव्हते. लस मोफत मिळत होती व पूर्वी त्यांनी ती घेतलीही होती. आपल्या मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण अधिक आहे, अशी शंका या समाजात निर्माण झाली. तिचे समाधान करणारे उत्तर आरोग्ययंत्रणेकडून वेळेवर आले नाही आणि ती पोकळी लसविरोधकांनी भरून काढली. हा नकार विचारपूर्वक दिलेला होता, तरीही तो विशेषाधिकारातून आलेला नव्हता.

इतिहासाकडे पाहिल्यास ही विभागणी अधिकच डळमळते. नाद्या डुर्बाख यांचा ‘बॉडिली मॅटर्स’ हा २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ १८५३ ते १९०७ या काळातील इंग्लंडमधील लसविरोधी चळवळीचा अभ्यास करतो. तो राइश यांच्या ग्रंथासोबत वाचायला हवा. तेथे देवीची लस सक्तीची झाल्यावर विरोधाची धार कामगारवर्गात सर्वाधिक तीव्र होती. श्रीमंतांच्या मुलांना खाजगी डॉक्टर घरी येऊन लस टोचीत, कामगारांच्या मुलांना सार्वजनिक केंद्रावर न्यावे लागे व एका मुलाच्या दंडावरील लस दुसऱ्याच्या दंडात भरली जाई. दंडाची कमाल रक्कम वीस शिलिंग होती. श्रीमंताला ती किरकोळ वाटे, कामगाराच्या घरातील सामान मात्र तिच्यापायी जप्त होई. १८८५ मध्ये लेस्टर येथे निघालेल्या प्रचंड मोर्चामागे हा वर्गीय अनुभव होता. १८९८ च्या कायद्याने सदसद्विवेकबुद्धीच्या आधारे सूट मिळण्याची तरतूद केली, तीही दंडाधिकाऱ्यांपुढे जाऊन आपली निष्ठा पटवून देण्याच्या अटीवर. ती पटवून देणे कामगाराला किती अवघड जात असेल, हे सांगायला नको. म्हणजे नकाराची मालकी एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे गेली आहे. राइश यांचे विवेचन समकालीन असल्याने हे स्थित्यंतर त्यात दिसत नाही.

भारतीय अनुभवाच्या उजेडात

हे सारे प्रश्न येथील अभ्यासकाला परके नाहीत. भारतातील पहिली देवीची लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली आणि मुंबई शहरात बालकांचे लसीकरण सक्तीचे करणारा कायदा १८७७ मध्ये झाला. दंडावरून दंडावर लस नेण्याची पद्धत येथेही होती. डेव्हिड अर्नोल्ड यांनी ‘कॉलोनायझिंग द बॉडी’ या ग्रंथात दाखवल्याप्रमाणे, खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांच्या अंगावरील लस आपल्या मुलांच्या शरीरात जाण्यास उच्चवर्णीयांची हरकत असे. ज्यांच्या मुलांचे फोड फोडून लस काढली जाई, त्या गरीब पालकांचाही विरोध असे, पण त्यांचे कारण वेगळे होते. नकार दोघांचा, पण एकाला विटाळाचे भय आणि दुसऱ्याला लेकराच्या यातनांचे. मराठीत या रोगालाच ‘देवी’ म्हटले जाई आणि लस टोचण्यालाही ‘देवी काढणे’ म्हणत. त्यामुळे धार्मिक श्रद्धा हे एकमेव कारण पुढे करणे वसाहतकालीन अधिकाऱ्यांना सोपे गेले असावे.

पोलिओ निर्मूलनाच्या काळात हेच सुलभीकरण पुन्हा झाले. २००२ मध्ये देशात पोलिओचे सुमारे १६०० रुग्ण आढळले, त्यांपैकी बहुसंख्य उत्तर प्रदेशात होते. मुस्लिम बालकांचे त्यांतील प्रमाण लोकसंख्येतील त्यांच्या वाट्यापेक्षा बरेच अधिक होते. थेंबांमुळे वंध्यत्व येते, ही अफवा तेव्हा जोरात होती. तिला अज्ञान म्हणून मोकळे होता येते. परंतु १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळातील सक्तीच्या नसबंदीची आठवण ज्या वस्त्यांत जिवंत होती, त्यांना आरोग्यखात्याचा घरोघरी येणारा माणूस संशयास्पद वाटला, यात विपरीत काही नव्हते. शिवाय तापाला औषध मिळत नाही, गटारे तुंबलेली आहेत, आणि हे दोन थेंब मात्र दर महिन्याला दारात कसे येतात, असा प्रश्न लोक विचारीत होते. काही ठिकाणी थेंब नाकारणे ही इतर सेवा पदरात पाडून घेण्याची वाटाघाट झाली. स्थानिक स्त्रिया, मौलवी व शिक्षक यांना सोबत घेऊन हा संवाद घडवला गेला. जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण आढळला नाही आणि मार्च २०१४ मध्ये दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. गरीब पालक विचार करतो, हे मान्य केल्याशिवाय हे यश मिळाले नसते.

आता महाराष्ट्राकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १२ ते २३ महिने वयाच्या बालकांतील पूर्ण लसीकरणाचे राज्यातील प्रमाण १९९८-९९ मध्ये सुमारे ७८ टक्के होते. ते २००५-०६ मध्ये सुमारे ५९ टक्के व २०१५-१६ मध्ये सुमारे ५६ टक्के झाले आणि २०१९-२१ मध्ये पुन्हा ७३ टक्क्यांच्या पुढे गेले. या काळात मातांचे शिक्षण वाढतच गेले, तेव्हा मातेच्या शिक्षणाबरोबर लसीकरण वाढते हा आवडता नियम या घसरणीपुढे निरुत्तर होतो. एका वर्षाच्या कोष्टकात सुशिक्षित मातांची मुले पुढे दिसतात हे खरे, परंतु काळाच्या ओघात संपूर्ण राज्य मागे जात असताना त्याचे कारण मातांच्या गुणविशेषांत शोधणे व्यर्थ आहे. इंग्लंडमध्ये तर १९९८ मधील वेकफील्ड यांच्या, पुढे २०१० मध्ये मागे घेण्यात आलेल्या, शोधनिबंधानंतर अधिक शिकलेल्या पालकांच्या मुलांतच गोवर-गालगुंड-रुबेला लसीचे प्रमाण अधिक वेगाने घसरले होते. शिक्षणाचा परिणाम एकाच दिशेने होतो, हे गृहीतक त्यामुळे टिकत नाही.

या पाहणीत बालकाला लस मिळाली का, हे कार्डावरून अथवा आईच्या सांगण्यावरून नोंदवले जाते. पूर्ण लसीकरणाच्या आकड्यात पालकांनी लस नाकारली का, याचे उत्तर नसते. तरीही महाविद्यालयीन प्रकल्प-अहवालांत या आकड्यांपुढे ‘जनजागृतीचा अभाव’ हा निष्कर्ष सरावाने लिहिला जातो आणि शिफारशींत पथनाट्य सुचवले जाते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात व गाळप हंगाम संपल्यावर परततात. बाळाचे डोस सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्याला आणि त्यानंतर नवव्या महिन्यात असतात. नोंद गावच्या अंगणवाडीत आणि बाळ कारखान्याच्या परिसरातील खोपीवर, अशी स्थिती कित्येकांची होते. पहिल्या डोसानंतर बाळ तापले की आईचा त्या दिवसाचा रोज बुडतो. पुढचा डोस चुकवताना ती हा हिशेब करते. तिने लसीला नकार दिलेला नाही, पण निर्णयच घेतला नाही असेही म्हणता येत नाही. स्मिथ आदींच्या वर्गीकरणात ती ‘अपुऱ्या लसीकरणा’त मोडेल. राइश यांच्या मांडणीत तिच्यासाठी जागा नाही आणि प्रकल्प-अहवालांत तिचे नाव अज्ञान. २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी परिसरात, तसेच मालेगाव व भिवंडी येथे गोवराची साथ आली. कोविडकाळात नियमित लसीकरण विस्कळीत झाल्याचा संदर्भ असूनही चर्चेचा मोठा भाग पालकांच्या मनोवृत्तीभोवती फिरला, ही गोष्ट याच सवयीची साक्ष देते.

निर्णय हिरावून घेतला जातो तेव्हा पार्श्वभूमीचा अर्थ आणखी स्पष्ट होतो. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम व गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस देण्याचा प्रकल्प राबवण्यात आला. खम्मममधील अनेक मुली वसतिगृहांत राहणाऱ्या आदिवासी कुटुंबांतील होत्या आणि कित्येकींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहप्रमुखांच्या स्वाक्षऱ्या होत्या. काही मुलींच्या मृत्यूंनंतर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवण्यात आला. मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही, परंतु संमतीच्या प्रक्रियेतील गंभीर त्रुटींवर संसदेच्या स्थायी समितीने २०१३ मध्ये कठोर ताशेरे ओढले. याउलट, जानेवारी २०१९ मध्ये दिल्लीतील शाळांमधून गोवर-रुबेला मोहीम सुरू होणार होती. तेव्हा पालकांची संमती घेतलेली नाही, या मुद्द्यावर काही पालक उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने मोहीम थांबवली. पहिल्या प्रकरणातील लस उपयुक्त होती, दुसऱ्यातीलही होती. फरक एवढाच की दिल्लीतील पालकांना न्यायालयाचा दरवाजा माहीत होता. विशेषाधिकाराची राइश यांनी केलेली व्याख्या येथे तंतोतंत लागू पडते. ती त्यांनी केवळ नकारापुरती वापरली, संमतीपर्यंत नेली नाही, हे ग्रंथातील उणेपण ठरते.

ग्रंथाच्या अखेरच्या भागात राइश लसीकरणाकडे सामूहिक जबाबदारी म्हणून पाहण्याचे आवाहन करतात. हा भाग आधीच्या विश्लेषणाच्या तुलनेत मवाळ वाटतो. ज्यांच्या निवडीला कुंपणाचा आधार आहे, ते केवळ आवाहनाने कुंपण का सोडतील, याचे उत्तर तेथे मिळत नाही. पुढील घटनांनी या शंकेला पुष्टी दिली. कॅलिफोर्नियाने जून २०१५ मध्ये कायदा करून वैयक्तिक श्रद्धेच्या आधारे मिळणारी सूट रद्द केली. शाळेत नव्याने दाखल होणाऱ्या मुलांतील लसीकरण ९५ टक्क्यांच्या पुढे गेले. त्याच वेळी वैद्यकीय कारणास्तव सूट मिळालेल्या मुलांचे प्रमाण दोनच वर्षांत ०.२ टक्क्यांवरून ०.७ टक्क्यांवर पोचले आणि पूर्वी ज्या भागांत श्रद्धेच्या सवलती अधिक होत्या, तेथेच ही वाढ अधिक झाली. सोयीचे प्रमाणपत्र देणारा डॉक्टर गाठणे ज्यांना परवडत होते, त्यांनी तो गाठला. अशा प्रमाणपत्रांची छाननी करण्यासाठी राज्याला २०१९ मध्ये आणखी एक कायदा करावा लागला.